डबा आणण्याआधी लंगोट मोज

परभणी,
२२ एप्रिल २०२५

चि. सौ. छकुलीस,


परवा रात्री तुझ्या आईचा, अक्काचा, फोन आला. लेकरू संध्याकाळपासून रडतंय, छकुलीचं दूध पुरत नाही, आहे तेही पातळ आहे, सकाळी मेडिकलमधून दुधाच्या पावडरीचा डबा आणू का, असं विचारत होती. मागून तुझं रडणंही ऐकू येत होतं. मी एवढंच म्हणाले, की उद्या आशाताई वजन करायला येतील, तोवर डबा आणू नका. आता वजन झालंय, तू आकडे कळवलेस, म्हणून सविस्तर लिहिते. फोनवर सांगितलेलं रात्री दोन वाजता आठवत नाही. हे पत्र उशाशी ठेव.

आधी आकडे बघू. जन्माचं वजन २ किलो ८००. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून सुटी झाली तेव्हा २ किलो ६००. सातव्या दिवशी २ किलो ६९०. काल, चौदाव्या दिवशी, २ किलो ८५०. पहिल्या तीन-चार दिवसांत जवळजवळ प्रत्येक लेकराचं वजन थोडं उतरतं. अंगातलं जास्तीचं पाणी जातं, पोटातली काळी शी जाते. शंभराला सात-आठ इतकं उतरलं तर चालतं, दहाच्या पुढे गेलं की डॉक्टरांना दाखवायचं. तुझ्या लेकराचं २०० ग्रॅम उतरलं, म्हणजे शंभराला सात. हे उतरलेलं वजन दहा ते चौदा दिवसांत भरून यावं लागतं. ते भरून आलं आणि वर ५० ग्रॅम चढलं. सातव्या ते चौदाव्या दिवसात, आशाताईंच्या एकाच काट्यावर, १६० ग्रॅम वाढलं, म्हणजे रोजचे साधारण २३ ग्रॅम. या वयात रोज २० ते ३० ग्रॅम वाढ हवी असते. छकुली, तुझं दूध पुरतंय. तुला बरं वाटावं म्हणून मी हे लिहीत नाही. हे वजनाच्या काट्यानं सांगितलंय.

काटा एकच असावा, लेकरू उघडं असावं आणि कार्डावर तारखेसकट नोंद व्हावी, एवढं मात्र बघत जा. दवाखान्याचा काटा वेगळा, अंगणवाडीचा वेगळा, कधी कुंची-टोपड्यासकट तोललेलं; मग ५०-१०० ग्रॅमच्या फरकावरून घरात उगाच रडारड होते. आशाताई आता एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येतील. ही घरी येऊन तपासायची पद्धत आपल्याच महाराष्ट्रातून पुढे गेली. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्याच बायकांना नवजात लेकरू तोलायला, तपासायला शिकवलं. नवजात मुलांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं, आणि २०११ पासून देशभरातल्या आशा सेविकांकडे हे काम आलं. तेव्हा 'सारखं कशाला तोलता, नजर लागते' असं कुणी म्हणालं, तर ऐकून सोडून दे.

पण काटा आठवड्यातून एकदा येतो, आणि तुझ्या मनात शंका रोज येते. रोजचा हिशोब लंगोटावर ठेवायचा. जे पोटात गेलं तेच खालून येणार. पहिल्या दिवशी एकदा शू, दुसऱ्या दिवशी दोनदा, तिसऱ्या दिवशी तीनदा, असं वाढत जाऊन सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत निदान सहा वेळा लंगोट चांगला ओला व्हायला हवा. शू पाण्यासारखी, फिकी हवी. शी पहिले दोन दिवस काळी चिकट, मग हिरवट, आणि पाचव्या दिवसापर्यंत पिवळी व्हायला हवी. ती पातळ असते, त्यात मोहरीसारखे दाणे दिसतात. आपल्याकडे पुष्कळ घरांत तिला हगवण समजून दूध कमी करतात. तसं करू नका. अंगावर पिणाऱ्या लेकराची शी अशीच असते. पहिल्या महिन्यात दिवसाला तीन-चार वेळा तरी होते, काहींना दर पाजण्यानंतर होते. दीड महिन्यानंतर तेच लेकरू दोन-दोन, चार-चार दिवस शी करत नाही. वजन वाढतंय, पोट मऊ आहे, शी झाली तेव्हा मऊ झाली, तर तेही ठीक.

भिंतीवरच्या कालनिर्णयात त्या तारखेच्या चौकटीत पेन्सिलनं रेघा ओढत जा, शूची उभी, शीची आडवी. सध्या डायपर लावू नकोस. त्यात किती वेळा झाली ते कळत नाही, आणि या उन्हात अंगावर पुरळ उठतं. एक खास आपल्या भागातली गोष्ट ध्यानात ठेव. एप्रिलमध्ये पंख्याखाली सुती लंगोट बघता बघता वाळतो. लेकरू झोपेत शू करतं, तास-दीड तासानं तू हात लावतेस आणि तो कोरडा लागतो. म्हणून कोरड्या लंगोटाला लगेच घाबरायचं नाही. नाकाशी नेऊन वास बघायचा, डाग बघायचा, आणि दर वेळी बदलायचा. एक दिवस नीट मोजलंस की तुझं तुलाच कळेल.

आता जे मला सगळ्यात कळकळीनं सांगायचंय ते सांगते. आपल्याकडे रडणाऱ्या लेकराची सगळ्यांना काळजी वाटते आणि झोपाळू लेकराचं कौतुक होतं. पहिल्या पंधरा दिवसांत मला भीती वाटते ती झोपाळू लेकराची. जिंतूर तालुक्यात नोकरीला होते तेव्हा एका घरी बाळंतीण बघायला गेले होते. पहिलटकरीण, लेकरू सहा दिवसांचं. आजी मोठ्या आनंदानं म्हणाली, 'सिस्टर, लई गुणी पोरगी हाय, एकदा पाजलं की पाच-सहा तास डोळा उघडत नाही.' मी लंगोट सोडला. कोरडा. सकाळपासून बदललाच नव्हता, बदलायची वेळच आली नव्हती. कोपऱ्यात पडलेल्या आदल्या दिवशीच्या लंगोटावर विटकरी डाग होता. पहिल्या दोन-तीन दिवसांत असा डाग चालतो, सहाव्या दिवशी नाही. लेकराच्या ओठांच्या आत बोट लावलं तर तोंड चिकट लागलं. टाळू बसलेली. तळपायाला टिचकी मारली तर किंचित कण्हलं आणि पुन्हा झोपलं. आईचे स्तन दगडासारखे तटतटलेले, म्हणजे दूध भरपूर होतं, पण लेकरू ओढतच नव्हतं. कावीळ वाढल्यानं ते सुस्तावलं होतं, आणि सुस्तावल्यानं पीत नव्हतं, म्हणून कावीळ आणखी वाढत होती. त्याच दुपारी परभणीला जिल्हा रुग्णालयात नेलं. रक्तातलं मिठाचं प्रमाण वाढलेलं निघालं. आठवड्यानं पोरगी घरी आली आणि पुढे दोन वर्षं आईच्या अंगावर प्यायली. आणखी एक रात्र तिला गुणी म्हणत झोपू दिलं असतं, तर ती हाती लागली नसती.

म्हणून चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजलंच पाहिजे. दिवसा दोन-अडीच तास, रात्री फार तर चार तास; त्याहून जास्त झोपलं तर उठवायचं. दुपटं सोड, लंगोट बदल, तळपाय चोळ, पाठीवरून हात फिरव. वजन नीट चढायला लागलं की एवढं घड्याळ बघायची गरज राहत नाही, लेकरू स्वतःच सांगतं. रात्रीचं पाजणं टाळू नकोस. दूध तयार करणारं संप्रेरक रात्री जास्त असतं, आणि स्तन रिकामा झाला तरच पुन्हा भरतो. साठून राहिलं की शरीर समजतं, एवढ्याची गरज नाही.

डब्याला माझा विरोध आहे तो इथंच. आज संध्याकाळी दोन औंस वरचं पाजलं, लेकरू चार तास झोपलं, सगळे म्हणाले, 'बघा, उपाशीच होतं.' त्या चार तासांत तुझा स्तन रिकामा झाला नाही. उद्या दूध थोडं कमी उतरणार, म्हणून दोनाचे तीन औंस होणार. महिनाभरात खरोखरच दूध कमी होतं, आणि मग सगळे म्हणतात, पहिल्यापासून नव्हतंच. अशी किती घरं मी पाहिली! १९९२ च्या कायद्यानं लहान मुलांच्या डब्यांच्या जाहिरातीला आपल्या देशात बंदी आहे. तेव्हा दुकानदारानं आपण होऊन डबा सुचवला तरी घेऊ नका. मुंबईत सायनच्या रुग्णालयात १९८९ साली डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. आठव्या महिन्यात जन्मलेल्या अशक्त लेकरांसाठीसुद्धा डॉक्टर आधी दुसऱ्या आईचं दूध शोधतात. तुझ्याजवळ तर तुझंच आहे.

आता तुला जे भासतं आणि अक्काला जे भासतं, त्याविषयी. संध्याकाळी सहा ते दहा लेकरू किरकिरतं, पाच-पाच मिनिटांनी प्यायला मागतं. या वयात बहुतेक लेकरं असंच करतात. दोन-तीन आठवड्यांनी, दीड महिन्यानं, तीन महिन्यांनी एक-दोन दिवस असे येतात की लेकरू सोडतच नाही. ते तुझं दूध वाढवून घेत असतं. स्तन मऊ पडले म्हणजे दूध आटलं असं नाही. पहिल्या दिवसांचा तणाव दोन-चार आठवड्यांत उतरतोच. हातानं पिळून थोडंसंच निघतं, त्यावरूनही काही ठरत नाही. लेकराच्या ओढण्याची बरोबरी हाताला येत नाही. पाजल्यावर बाटली लावली तर लेकरू ओढतं, कारण तोंडात काही आलं की ओढायचं हा त्याचा स्वभावच आहे. आणि पातळपणाचं म्हणशील तर सुरुवातीचं दूध पातळ, निळसर असतंच, तहान त्यानंच भागते. शेवटी शेवटी येतं ते घट्ट, साईचं. म्हणून एका बाजूचं पूर्ण पिऊन त्यानं स्वतः सोडलं की मग दुसऱ्या बाजूला घे. घड्याळ लावून दहा मिनिटांनी ओढून काढू नकोस.

पाजताना एकदा नीट निरखून बघ. बाजेवर आडवी पडून तू पाजतेस तेव्हा लेकरू उताणं आणि नुसती मान तुझ्याकडे वळवलेली, असं अक्काच्या बोलण्यावरून वाटलं. तसं नको. कान, खांदा, कंबर एका रेषेत, पोट तुझ्या पोटाला चिकटलेलं. नाक बोंडशीच्या समोर आलं की ते आऽ करून मोठं तोंड उघडेल. तेव्हा त्याला जवळ ओढ, तू वाकू नकोस. नुसती बोंडशी तोंडात गेली तर तुला दुखेल आणि त्याला मिळणार नाही. भोवतीचा काळसर भागही आत जायला हवा, खालचा ओठ बाहेर वळलेला हवा, हनुवटी स्तनात रुतलेली हवी. पहिले काही क्षण ते भराभरा चोखेल. मग पान्हा फुटला की चाल बदलते: सावकाश, खोल ओढ, जरा थांबणं, आणि गटक असा बारीक आवाज. तो आवाज ऐक. पुढे त्याच्या मुठी सैल पडतात, हात पसरतो. नुसतं चोखत राहिलं, गिळण्याचा आवाजच नाही, गालांना खळ्या पडतात, तुझ्या बोंडशीला चिरा पडतात, तर पकड चुकतेय. बोट घालून सोडव आणि पुन्हा लाव. निम्म्या बायकांचं 'दूध कमी' इथंच बरं होतं, असं माझं नोकरीतलं मत आहे.

आता उन्हाळ्याचं. चाळीस-बेचाळीस तापमानात एवढ्याशा जिवाला तहान लागणार नाही का, हा अक्काचा प्रश्न बरोबरच आहे. उत्तर असं, की तुझ्या दुधातच शंभरात अठ्ठ्याऐंशी भाग पाणी आहे. दिल्लीच्या डॉक्टरांनी ऐन उन्हाळ्यात निव्वळ अंगावरच्या मुलांची केलेली पाहणी १९९१ साली छापून आली. त्यांना वरचं पाणी लागत नाही, असंच त्यात दिसलं. ऊन वाढेल तसं लेकरू जास्त वेळा, थोडं थोडं पिईल, पिऊ दे. पाणी, साखरपाणी, मध, गुटी, सहा महिन्यांपर्यंत काहीही नको. पाण्यानं पोट भरतं, दूध मागत नाही, आणि हंड्यातल्या पाण्यातून हगवण येते. मधातून तर एका विषारी जंतूचा धोका असतो, वर्षाच्या आत चाटवायचाच नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेले ड जीवनसत्त्वाचे थेंब तेवढे चालू ठेव.

आणि बाजेखालची शेगडी आजच उचला. थंडीत शेक ठीक. एप्रिलमध्ये दारं-खिडक्या बंद, खाली निखारे, लेकरू कुंची-मोजे-दोन दुपट्यांत गुंडाळलेलं, यानं त्याच्या अंगातलं पाणी उडतं, ताप येतो, ते सुस्त पडतं, ओढत नाही. आपल्या भागात उन्हाळ्यात तापानं फणफणलेली नवजात लेकरं येतात, त्यातली कितीतरी नुसती गुंडाळल्यामुळं आणि कमी पाजल्यामुळं तापलेली असतात. एक सुती झबलं पुरे. खिडकीला ओला पडदा, पंखा चालू, पण सरळ अंगावर वारा नको.

तुझ्याबद्दल थोडं. 'बाळंतिणीनं पाणी कमी प्यावं' हे ऐकू नकोस. पाजायला बसताना तांब्या जवळ ठेव आणि तहान लागेल तसं पी. नेहमीपेक्षा एक-दोन भाकरी, एक वाटी वरण, भाजी जास्त खा. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, मेथी, शेपू अक्का प्रेमानं करते, ते खा, तुझ्या झिजलेल्या अंगाला त्याची गरज आहे. पण लाडू कमी खाल्ला म्हणून दूध आटेल, अशी भीती मनात धरू नकोस. दूध लेकराच्या ओढण्यानं येतं. लोहाच्या गोळ्या मात्र चुकवू नकोस.

खरोखर दूध कमी पडणाऱ्या बायका असतात, थोड्या असतात, पण असतात. बाळंतपणात खूप रक्त गेलेलं, अंगात रक्त फार कमी, थायरॉईडचा आजार, वार पूर्ण न पडणं, कधी लेकराची जीभ खालून बांधलेली, कधी ते कमी दिवसांचं. अशा बाईला 'नीट पाजत नसशील' म्हणणं हा अन्याय आहे. तिला तपासणी हवी असते. डॉक्टर वजन बघून वरचं दूध द्या म्हणाले तर द्यायचं, मनाला लावून घ्यायचं नाही. तेही आधी अंगावर पाजून मग, जमेल तेवढं आपलंच पिळलेलं, आणि बाटलीनं नाही तर उकळलेल्या वाटी-चमच्यानं किंवा बोंडल्यानं. सावकाश ओठाशी लावायचं, घशात ओतायचं नाही.

काय दिसलं की वाट बघायची नाही, ते वेगळ्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लाव. चोवीस तासांत सहापेक्षा कमी शू, किंवा ती गडद पिवळी, विटकरी डाग, उठवूनही न पिणं, टाळू बसणं, तोंड कोरडं, ताप किंवा अंग गार पडणं, पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत उतरणं, वजन न वाढणं. यातलं एकही दिसलं तर त्याच तासाला दवाखाना. १०२ किंवा १०८ ला फोन कर. सरकारी रुग्णालयात वर्षाच्या आतल्या लेकराला उपचार आणि ने-आण मोफत आहे. वाटेत गाडीतही पाजत राहा.

शेवटचं अक्कासाठी आहे, तिला वाचून दाखव. अक्का, आपल्या भागात कापूस वेचायला, ऊस तोडायला जाणाऱ्या बायकांना दूध असतं, पण पाजायला वेळ मिळत नाही. लेकरू झोळीत आणि बाई सरीत. आपल्या पोरीला देवानं तेवढी सवड दिलीय. घरातलं कुणी 'पुरतंय का गं?' असं तिला दिवसातून दहा वेळा विचारू नका. बाई घाबरली, दुखावली की पान्हा फुटायला वेळ लागतो. भेटायला येणाऱ्यांना आठवडाभर बाहेरच्या खोलीतच बसवा. संध्याकाळी पाजून झालं की अर्धा तास लेकरू तू खांद्यावर घे आणि छकुलीला जेवून आडवं होऊ दे. एकविसाव्या दिवशी आशाताई येऊन गेल्या की वजन आणि त्या दिवसाच्या कालनिर्णयातल्या रेघा मला फोनवर कळवा.

तुझी,
मावशी